सरावाचा पेशंट

सर्जरीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. छत्तीस तासांची ड्यूटी करून घरी आला, डोळे उघडे राहत नव्हते, तरी बाबांना म्हणाला, "शर्ट काढा. पाचच मिनिटं." मागच्या दोन्ही वेळी बाबा हौसेनं शर्ट काढून सरावाचे पेशंट व्हायचे. यंदा महिनाभर टाळत होते. "अरे, परीक्षक काय माझी ढेरी बघून पास करणार?" "बाबा, नाटकं नकोत." ते शर्ट वर सरकवून आडवे झाले. परीक्षेत तपासता तपासता मोठ्यानं बोलावं लागतं, म्हणून त्यानं पेंगतच पाठ केलेलं सुरू केलं. "पोट मऊ. दुखत नाही. उजवीकडे गाठ, लिंबाएवढी, कडक, हलत नाही..." बोटं तिथेच थांबली. गाठ पाठांतरात नव्हती. बाबांनी शर्ट खाली ओढला. "मला माहीत होतं रे. म्हटलं, आधी तुझी परीक्षा होऊन जाऊ दे."