मागची शिवण

मास्तरांनी आतल्या खोलीकडे कान देऊन पाहिलं. डावऱ्या गाढ झोपला होता. खुर्चीवरची त्याची राखाडी पँट त्यांनी उलटी केली, मागची शिवण उसवली, बोटभर कापड आत घेतलं आणि हातानेच टाके घातले, कारण मशीन वाजतं. उरलेलं कापड कापून खिशात टाकलं. चोराने पुरावा ठेवू नये.

उठल्यावर डावऱ्याने पँट चढवली, बटण लावलं.

"बसते ना नीट?" खडू शोधत मास्तरांनी सहज विचारलं.

"बसते की. मला काय धाड भरलीय?" डावऱ्या हसला. "आणि खडू तुझ्या कानावर आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा."

मास्तर शिंपी, डावऱ्या छापखान्यात खिळे जुळवणारा. दोघं एका घरात इतकी वर्षं राहत होते की शेजाऱ्यांनी विचारायचं सोडून दिलं होतं. हल्ली ते पुन्हा बघू लागले होते. त्या रोगाचं नाव जिन्यात कुणी घेत नसे, पण हे दोघं दिसले की भिंतीला चिकटून वाट देत.

त्यांचा एक मित्र, केस कापणारा, हिवाळ्यात गेला. त्याला रोगाने नाही, आरशाने मारलं, असं मास्तरांचं ठाम मत होतं. अंगातला शर्ट किती सैल झालाय हे त्याने एकदा आरशात पाहिलं आणि त्या दिवसापासून अन्न सोडलं. नंतर घरच्यांनी त्याचे कपडे जाळले. त्यात मास्तरांनी शिवलेला कोटही गेला.

"ज्याला कळतं तो संपतो," त्या संध्याकाळी डावऱ्या म्हणाला होता. "कळायलाच नको."

मास्तरांनी ते मनाशी पक्कं धरलं. डॉक्टरांनी डावऱ्याचं निदान सांगितलं, त्याच आठवड्यात त्यांनी घरातला मोठा आरसा दुकानात न्यायला काढला. गिऱ्हाइकांना लागतो, म्हणाले. आरशाचं दुसरं टोक डावऱ्यानेच धरलं. दाढी तर ते पहिल्यापासून एकमेकांची करायचे.

मास्तरांनी स्वतःची तपासणी मात्र करून घेतली नव्हती. मनात भीती होती, आणि डावऱ्याही आडवा यायचा.

"तुला कशाला तपासणी? तुझी जुनी पँट अजून तश्शी बसते. लोखंडी कंबर आहे तुझी."

खरंच बसत होती. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही, टेप वाकडी जाते. पण पँट खोटं बोलत नाही, एवढा मास्तरांचा धंद्यावर विश्वास होता. रोज सकाळी बटण लावताना त्यांना हायसं वाटायचं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची. आपण मागे उरणार. हे सुख की शिक्षा, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

घरात इस्त्रीचं काम डावऱ्याचं. छापखाना सुटला, अंगात त्राण उरलं नाही, तरी मास्तर दुकानात गेले की तो दोघांचे कपडे घेऊन बसायचा.

"राहू दे रे, मी करीन."

"इस्त्री माझं खातं आहे. तू लुडबुड करू नकोस."

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, म्हणत मास्तर निघायचे. बटण तुटलं तर तेही डावऱ्याच लावायचा. सुई धरायला मास्तरांनीच शिकवलं होतं, पण डाव्या हाताला ते कसं जमणार? टाके उलटे पडायचे.

"सगळ्या जगाचा टाका उजवीकडे झुकतो, तुझा डावीकडे," मास्तर चिडवायचे.

"मीही तसाच झुकलो. तेव्हा नाही तक्रार केलीस."

मग डावऱ्याला इस्पितळात ठेवावं लागलं. कोपऱ्यातली खाट होती, जेवणाचं ताट दाराशीच ठेवून जात. मास्तर दुकान बंद करून दिवसभर तिथे बसत. खाण्याचं भान कुणाला होतं?

एक दिवस डावऱ्याने त्यांना खुणेने जवळ बोलावलं आणि त्यांच्या पँटच्या कमरेत दोन बोटं घातली. बोटं सहज आत गेली. आणखी दोन गेली.

"अरे, नर्स बघेल! लाज आहे का काही?" मास्तर कुजबुजले. किती तरी दिवसांनी त्यांना हसू आलं होतं.

डावऱ्या हसला नाही. "उद्या येताना सुई-दोरा आण. आणि दुसरी पँट घालून ये, ही माझ्याकडे दे."

"कशाला?"

"बटण ढिलं झालंय."

"मग मी लावीन की. तू पडून राहा."

डावऱ्याचे डोळे भरून आले. मास्तरांना वाटलं, औषधाने होत असेल.

दोन दिवसांनी तो गेला.

त्याच्या घरच्यांनी सगळं झटपट उरकलं. "हे भाऊंच्या खोलीतले गृहस्थ," अशी ओळख करून देत मास्तरांना मागच्या रांगेत उभं केलं. डावऱ्याची बहीण तेवढी जवळ आली. त्यांना वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाली, "तुम्ही काही खाता ना? भाऊला तुमचीच फार काळजी होती."

"मला काय धाड भरलीय?" मास्तर म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं.

घराचा जिना चढताना त्यांची पँट कमरेवरून घसरली. एका हाताने ती धरून ते कसेबसे वर आले. चुकून डावऱ्याची घातली की काय? पण त्याची तर त्यांनी स्वतःच किती तरी अरुंद केली होती. ही त्यांचीच होती, बटणही घट्ट होतं.

त्यांनी पँट काढली, खिडकीपाशी नेऊन उलटी केली. मागच्या शिवणीतलं कापड कापलेलं नव्हतं, दुमडून वर इस्त्री फिरवून सपाट केलं होतं. शिवणीच्या आत आणखी एक शिवण होती, तिच्या आत आणखी एक, आणि प्रत्येक ओळीतले टाके डावीकडे झुकले होते.