भाऊबीजेची बासुंदी

डॉक्टरीणबाईंनी वृंदाचा सुजलेला गुडघा चाचपला, मग तिच्या लाल डोळ्याकडे पाहिलं. "मार लागलेला नाही म्हणता. मग एवढ्यात पोट बिघडलं होतं का?"

"भाऊबीजेनंतर जुलाब झाले होते. बासुंदी बाधली असावी."

"तरीच! पोटातल्या जंतूंचा राग कधीकधी असा सांध्यांवर निघतो. रक्त तपासून खात्री करू. गोळ्या घ्या, बर्फाने शेका, डोळा आजच दाखवून घ्या. वेळ लागेल, पण बरं होतं." लिहिता लिहिता बाई थांबल्या. "बासुंदी आणखी कोणी खाल्ली होती?"

"भावाने," वृंदा बोलून गेली.

"मग त्यांनाही त्रास झाला?"

त्या संध्याकाळी तिने पाटाभोवती रांगोळी काढली होती. दादा आलाच नाही, साधा फोनही नाही. शेवटी तबक घेऊन ती गच्चीत गेली आणि भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं तिने चंद्राच्या कोरीला ओवाळलं. त्याच्यासाठी आटवलेली बासुंदी मात्र टाकवेना. आंबूस लागायला लागली तरी तीच रोज थोडी थोडी खात राहिली.

"नाही," वृंदा म्हणाली. "त्याला काहीच झालं नाही."

"नशीब! आता जिना एकट्याने उतरू नका हं. बरोबर कोणी आहे ना?"

"आहे ना. दादा खाली थांबलाय."

दार मागे लोटून घेतल्यावर तिने जिन्यात कोणी नाही ना ते पाहिलं, आणि एकेका पायरीवर बसत ती खाली उतरली.