चिठ्ठीवरचं नाव

मोजा हाताला जड लागला, म्हणून लॉनी कपाटापाशीच थबकला.

हॉस्पिटलच्या पलंगावर पडलेल्या वेंडेलचे पाय गार पडले होते. "राहू दे रे, मला नकोत मोजे," असं तो दोनदा म्हणाला, पण त्याचं ऐकतो कोण! लॉनी आपला उठला. कपाटात मोज्यांच्या घट्ट गुंडाळ्या ओळीनं लावलेल्या होत्या. व्हिएतनामहून परत येऊन पन्नास वर्षं उलटली, तरी दोघंही मोजे अजून लष्करातल्यासारखेच गुंडाळत. लॉनीनं कोपऱ्यातली गुंडाळी उचलून उलगडली, आणि पलंगावर पांढऱ्या गोळ्यांचा सडा पडला.

मॉर्फिन. तीन आठवड्यांचं तरी असेल.

ह्याच गोळ्यांपायी नर्स शर्लीननं आज त्याला दारात गाठलं होतं. "तुम्हीच विचारा हो तुमच्या मित्राला. डॉक्टरांनी तीनदा डोस वाढवला, तरी बिचारा उशी चावत पडलेला असतो. काही लागूच पडत नाही."

लागू कसं पडणार? वेंडेल पलटणीतला मेडिक होता, जखमींना औषधपाणी करणारा; सगळे त्याला 'डॉक' म्हणत. जखमींच्या घशाखाली औषध उतरलं की नाही हे बघण्यात त्याची जवानी गेली. गोळी गालात दाबून नर्सला फसवणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ.

"डॉक, अरे गाढवा, हे काय आहे?"

वेंडेल डोळे मिटून पडला होता. कपाळावर घाम डवरला होता. "सापडलं ना तुला? मग चिठ्ठी पण वाच."

मोज्याला दोऱ्यानं पुठ्ठ्याचा एक तुकडा बांधलेला होता. लढाईत जखमींच्या बटणाला मेडिक बांधायचे तसा. त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं : लॉनी स्टॅम्पर. कॅन्सर, हाडांत. मॉर्फिन द्यावं.

लॉनीनं स्वतःचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"तूच म्हणालास ना," वेंडेल दम खात म्हणाला, "पहिल्याच मंगळवारी. ह्या रांगेत मी तुझ्या थोडासाच मागे आहे."

म्हणाला होता. सगळ्यांनाच म्हणायचा. शेवटाला आलेल्या जुन्या सैनिकांशी बोलायला हॉस्पिटल त्यांच्यासारख्याच आजारी सैनिकांना पाठवायचं, आणि लॉनीचं हे वाक्य ऐकलं की भलेभले आडमुठे मोकळे व्हायचे. त्या वाक्याचा त्याला जरा गर्वच होता.

"अरे, पण खाली औषधानं कपाट भरलंय! हे काय जंगल आहे?"

"तेव्हाही असंच सांगायचे. औषधांनी हेलिकॉप्टर भरून येतंय म्हणायचे." वेंडेलनं गुडघे पोटाशी ओढले आणि कळ ओसरू दिली. "ज्याला सोसतंय त्यानं सोसायचं. मागच्याला उरलं पाहिजे. एकदा नाही उरलं माझ्याकडे. तो कसा ओरडत होता, ते तू ऐकलं नाहीस."

तीन आठवडे हा माणूस तळमळत होता, आणि तेही लॉनीच्या एका वाक्यापायी. आणि तो स्वतः काय करत होता? दर मंगळवारी दोन पेपरोनी रोल घेऊन यायचा, आणि वेंडेल खात नाही म्हणून दोन्ही स्वतःच खायचा.

लॉनीनं पलंगावरची एक गोळी उचलली, पाण्याचा ग्लास पुढे केला.

"घे. गीळ माझ्यासमोर. माझ्यासाठी काही ठेवू नकोस. काल रिपोर्ट आला माझा. सगळं साफ आहे. मी सुटलो, डॉक."

एवढं धडधडीत खोटं तो जन्मात कधी बोलला नव्हता.

वेंडेलनं डोळे उघडले. त्याचा चेहरा असा काही उजळला, की लॉनीला त्याच्याकडे बघवेना.

"खरंच सुटलास?"

"सुटलो."

"बरं झालं. फार बरं झालं रे." त्यानं लॉनीचा हात घट्ट धरला. मग त्या हातातली गोळी काढून घेतली आणि मोज्यात टाकली. उशीखालून पेन्सिल काढली, आणि चिठ्ठीवरचं लॉनीचं नाव सावकाश खोडलं.

"शेजारच्या खोलीत काल कोणी तरी आलाय ना?" त्यानं विचारलं. "नाव काय रे त्याचं?"