माळावरची एकच बाभळ

आटपाडीजवळच्या त्या उघड्या माळावर एकच बाभळ होती, आणि मोटारसायकल शिकणाऱ्या सुलाबाईंनी आठवडाभरात तिलाच चार वेळा धडक दिली होती. पण बाजाराला जायचं तर दर वेळी नवऱ्याची मनधरणी करायची, याचा त्यांना वीट आला होता.

नवरा बाळासो रोज लांब उभा राहून हसायचा. आज तो म्हणाला, "बाभळीला न धडकता माळाला एक फेरी मार, गाडी तुझी. न्हाई जमलं तर पुन्यांदा हात लावायचा न्हाई!"

सून स्वप्नाली सासूच्या कानाशी लागली. "आत्या, भीतीनं तुमी बाभळीकडंच बघताय. नजर जिकडं, गाडी तिकडं. दुसऱ्या कशावर तरी नजर ठेवा."

त्या माळावर दुसरं होतं काय? सुलाबाईंनी हसणाऱ्या बाळासोवर नजर रोखली आणि क्लच सोडला.

तो डावीकडं पळाला, गाडी डावीकडं वळली. तो उजवीकडं पळाला, गाडीही उजवीकडं.



अख्ख्या माळाची फेरी पुरी झाली तेव्हा धोतर सावरत, पळता पळताच बाळासो ओरडला, "जितलीस बाई, गाडी तुझी! आता तेवढं दुसरीकडं बघ!"