चाळीस पाती

वरूडच्या बागवाल्याने संत्र्याच्या कलमांसाठी ऐंशी चाकूंची ऑर्डर गोवर्धनला दिली, आणि त्याच्यासोबत एकाच शेडमध्ये चाकू बनवणाऱ्या किशोरच्या पोटात दुखू लागलं. "हात माह्या चांगला, अन् नाव त्याचं!" आठवडाभर त्याने बायकोचं डोकं खाल्लं.

पौर्णिमेला गोवर्धन रिद्धपूरला दर्शनाला गेला. कोपऱ्यात त्याची चाळीस पाती घडवून ठेवलेली होती, छिद्रं पाडायची बाकी होती. मुठीच्या खिळ्यांसाठी आधी छिद्रं पाडायची आणि मगच पात्यांना पाणी पाजून कडक करायचं, हा धंद्याचा क्रम. किशोरने स्वतःचा कोळसा जाळला, सगळी पाती लालबुंद तापवली आणि एकेक करून पाणी पाजलं. आता बसू दे गोवर्धनला ड्रिलचे बिट मोडत!

दुसऱ्या दिवशी गोवर्धनने प्रसाद दिला आणि तीच पाती उचलून किशोरसमोर ठेवली.

"किशोरभाऊ, म्या बागवाल्याले सांगतलं, येवढं काम माह्या एकट्याच्यानं होत नाही, अर्धं किशोरले दे. माहे चाळीस चाकू झाले. हे तुह्या वाट्याचे पाते, परवा माल द्याचा हाये.

"घडवून ठेवलेच हायेत, तुले फक्त छिद्रं पाडाचे."