निमिषला परत न्यायला

निमिषला घेतल्याशिवाय ट्रॉयच्या घरी परतायचं नाही, असं ठरवूनच शैलजाताई मेन राज्यातल्या त्या शेकर पंथाच्या वस्तीत उतरल्या.

एकुलता एक मुलगा, बत्तीस वर्षांचा. साखरपुडा मोडला, तशी बेलव्ह्यू शहरातली नोकरी सोडून इथं मेंढ्या राखायला आला, आणि आता कायमचं राहायचं म्हणत होता. नवरा गेल्यापासून चार वर्षं शैलजाताई घरात एकट्याच होत्या. त्यात हे.

प्रार्थनेत अंग थरथरायचं, म्हणून लोकांनी या पंथाला शेकर नाव ठेवलं. एके काळी हजारोंनी होते. लग्न करायचं नाही, जे आहे ते सगळ्यांचं, आणि काम हीच भक्ती. मुलंच होणार नाहीत म्हटल्यावर बाहेरून कुणी आलं तरच घर चालायचं. येणारे आटले. या वस्तीत दोघंच उरले होते, चौऱ्याऐंशी वर्षांच्या सिस्टर रूथ आणि ब्रदर कॅल्विन.

"हे दोघं गेले की एकटा पडशील रे," शैलजाताई पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या.

"समवन विल कम, आई."

रिकामं बसणं त्यांना जमेना. तीस वर्षं फार्मसीत काढलेली बाई; वस्तीत विकायला वाळवलेला पुदिना, कॅमोमाइलची औषधी फुलं निवडून डब्यांत भरायला लागल्या. हात चालू ठेवून सिस्टर रूथना खोदून खोदून विचारत राहिल्या. नाही जमलं तर परत जाता येतं का? घरच्यांना भेटता येतं का? सिस्टर न कंटाळता हो म्हणत होत्या. जन्मानं ख्रिस्ती नसलेलं माणूस चालेल का, यावर मात्र त्यांनी नुसतं हो म्हटलं नाही. आमचा देव जेवढा बाप तेवढीच आई आहे, म्हणाल्या. मनापासून येणाऱ्याला ती परकं म्हणायची नाही.

चौथ्या दिवशी सिस्टरनी आपणहून विषय काढला. निमिष गुणी आहे, पण तो इथं आलेला नाही, तिकडून पळालाय. रोज संध्याकाळी फोनला रेंज मिळावी म्हणून टेकडी चढतो. त्याची जागा बाहेरच आहे.

शैलजाताईंनी हातातला डबा बाजूला ठेवला. मग हलक्या आवाजात दोघी पुष्कळ बोलल्या.

"मग ठरलं?" शेवटी सिस्टरनी विचारलं.

"ठरलं."

"त्याला मी सांगू?"

"नको, मीच सांगते. आधी चिडेल. मग समजून घेईल."

संध्याकाळी त्या निमिषबरोबर टेकडीवर गेल्या. सिस्टरचं म्हणणं ऐकून तो रडला, आणि मोकळा झाल्यासारखा म्हणाला, "आय न्यू इट, आई. कुणीतरी म्हणायला हवं होतं."

रविवारी सकाळी त्यानं दोघांच्या बॅगा गाडीत टाकल्या. ब्रदर कॅल्विननी वाटेसाठी सफरचंदं दिली. निमिषनं गाडी सुरू केली.

"चल आई, बस. लांबचा ड्राइव्ह आहे."

शैलजाताईंनी मागचं दार उघडून आपली बॅग खाली घेतली.

"सावकाश चालव," त्या म्हणाल्या. "दिवाळीला येईन मी तुला भेटायला."