बरणीतलं पान

चर्चच्या हॉलमधल्या कीटकमंडळाच्या बैठकीत हॅरल्डनं तिळाएवढा भुंगेरा भिंगाखाली ठेवला. "दलदलीतल्या निळ्या फुलांच्या रोपावरचा हा. जिल्ह्यात पहिलाच." टाचणीखालच्या चिठ्ठीवर त्याचंच नाव होतं. चहा ओतताना त्याच्या बायकोनं ते वाचलं. अळीनं पोखरलेलं पान तिनं आणून तीन आठवडे स्वयंपाकघरातल्या बरणीत जपलं होतं. अळीचा भुंगेरा झालेला तिनंच पाहिला होता. "चिठ्ठीवर माझं नाव नाही," ती पुटपुटली. "अगं, आडनाव एकच तर आहे आपलं," हॅरल्ड म्हणाला. एका म्हाताऱ्या सभासदानं शंका काढली, "विलोच्या झाडावर पैशाला पासरी मिळतो, तो तर नाही ना? दिसतात सारखेच, कुठल्या झाडाचं पान खातात त्यावरूनच ओळखायचे." "तीस वर्षं भुंगेरेच बघतोय मी," हॅरल्ड हसला. अध्यक्षांनी अहवालात नोंद केली, केकबद्दल तिचे आभार मानले. बरणीतलं पान परसातल्या विलोचं होतं. पान कुठलं, हे तिला कोणी विचारलं नाही. "आणखी चहा?" तिनं विचारलं.